मदत हवी आहे: आयरिशमध्ये ‘पांढरा’ कधी ‘बान’ आणि कधी ‘वान’?

नमस्कार मंडळी,

आयरिश शिकतेय. विशेषण नामानंतर येतं, याची सवय झाली. गाडी अडते ती त्याची रूपं करताना. ‘बान’ म्हणजे पांढरा, हेच घेऊन विचारते. उच्चार देवनागरीत बसतील तसे लिहिलेत.

‘कात’ (मांजर) पुल्लिंगी, म्हणून ‘कात बान’. ‘ब्रोग’ (बूट) स्त्रीलिंगी, म्हणून ‘ब्रोग वान’. स्त्रीलिंगी एकवचनात ‘शेव्यू’ लागतो, म्हणजे पहिलं व्यंजन मऊ होतं, इथे ब चा व, इथवर ठीक. पण अनेकवचनात ‘कात्य वाना’ आणि ‘ब्रोगा बाना’! पुल्लिंगीला व आणि स्त्रीलिंगीला ब कसा?

शिवाय ‘मांजरं पांढरी आहेत’ याचं उत्तर ‘ता ना कात्य बान’ दिलंय. तिथे ‘बाना’ का नाही? आपण तर ‘पांढरी आहेत’ असंच म्हणतो.

षष्ठी मात्र फार आवडली. ‘मोठा मासा’चं ‘मोठ्या माशाचं’ होतं, तसं ‘कात बान’चं ‘अन खात्य वान्य’. नाम आणि विशेषण दोन्ही बदलतात, शेवटचं व्यंजनही आपल्या स-श सारखं तालव्य होतं.

प्रतिसाद:
अनेकवचनात लिंग बघूच नका, नामाचा शेवट ऐका. ‘कात्य’ तालव्य व्यंजनात संपतं, म्हणून शेव्यू. ‘ब्रोगा’ स्वरात संपतं, म्हणून नाही. ‘फिर्य वोरा’ (मोठे पुरुष) आणि ‘बुअखली मोरा’ (मोठे मुलगे) घ्या: दोन्ही पुल्लिंगी, तरी फरक आहेच.

दुसरं सोपं आहे. नामाला लागून आलं तरच विशेषणाचं रूप बदलतं. ‘आहे’चं विधेय झालं की मूळ रूप, वचन कुठलंही असो: ‘ता ना ब्रोगा बान’.

‘अधिक पांढरा’ म्हणजे ‘नीस बान्या’. हेच रूप स्त्रीलिंगी षष्ठीतही येतं, ‘ना ब्रोग्या बान्या’, त्यामुळे दोन्ही एकदमच पाठ करा.

खरी अडचण आकड्यांची. 2 ते 19 नंतर नाम सहसा एकवचनी, विशेषण मात्र अनेकवचनी आणि वर शेव्यू: ‘त्री खात वाना’, तीन पांढरी मांजरं.

धागाकर्ती:
मनापासून आभार! मग 7 नंतर नामातल्या ब चा म होतो, तिथे? ‘शाख्त म्रोग वाना’?

प्रतिसाद:
हो, अगदी तसंच. नामाला म, विशेषणाला व.