सशाने सकाळपासून काही खाल्लं नाही, लेंड्याही नाहीत. हे औषध देऊ का?

मृदुला, कराड (१४ मे, रात्री १०.२०)

घाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. आमच्याकडे कापूस नावाचा पांढरा ससा आहे, तीन वर्षांचा, वजन दोन किलोच्या आसपास. काल संध्याकाळी गाजर पुढे केलं तर हुंगून तोंड फिरवलं. आज दिवसभर दाणा नाही की पाणी नाही. कोपऱ्यात अंग आवळून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधून मधून दात खातो त्याची करकर ऐकू येते. ट्रेमध्ये पहाटेच्या पाच-सहा लेंड्या आहेत, त्याही अगदी बारीक.

खाणं म्हणजे दुकानातून आणलेली सशाची पेलेट, पोळी, एखादं बिस्कीट, गाजर. शेजारच्या रानातलं गवत यायचं, ते एप्रिलपासून बंद झालं. आमच्यावर पत्रा आहे, दुपारी खोली नुसती तापते.

दोन गिनीपिग पण आहेत, शेंगा आणि गोटी. त्यांना तेच पेलेट घालतो. शेंगा आठवड्यापासून उचलली की किंचाळते आणि मागचे पाय ओढत चालते. पडली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

आमचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींचं बघतात, त्यांनी सरळ सांगितलं की सशातलं मला जमत नाही. मेडिकलमधून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप मिळालंय. बाटली हातात आहे. थोडं देऊ का? मुलगी रडून रडून आत्ताच झोपलीय.

विमलमावशी, सातारा (रात्री १०.३५)

मृदुला, ते सिरप देऊ नकोस. झाकण लाव आणि बाटली कपाटात ठेव. आधी हे कर, मग पुढचं वाच.

२०१२ साली माझी ठमी अशीच गेली. तपकिरी, उजव्या कानाला खाच असलेली. तिला शिंका येत होत्या, नाकाला शेंबूड, म्हणून एका डॉक्टरांनी अँपिसिलिन तोंडावाटे द्यायला सांगितलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, कुत्र्या-मांजरांना ते चालतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासारखी हगवण लागली आणि दिवेलागणीला ती माझ्या मांडीवर गेली. पुढे मला कळलं की सशाच्या पोटात मोठं आंधळं आतडं असतं, तिथे चारा जंतूंच्या मदतीने आंबतो, आणि त्याच जंतूंवर तो जगतो. पेनिसिलिनच्या घरातलं औषध तोंडाने गेलं की ते चांगले जंतू मरतात, मागे विष तयार करणारे वाढतात. अमॉक्सिसिलिन त्याच घरातलं. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हीसुद्धा नकोत. गिनीपिगचंही तसंच, म्हणून शेंगालाही देऊ नकोस.

आता कापूसकडे बघ आणि मला दोन गोष्टी सांग. पोट हाताला मऊ लागतं की ढोलासारखं ताणलेलं? कान गार आहेत की तापलेले?

मृदुला, कराड (रात्री १०.४८)

मावशी, बाटली ठेवून दिली. पोट मऊ आहे, थोडं कणकेच्या गोळ्यासारखं. कान गार आहेत. मला वाटलं गार म्हणजे बरं, एवढ्या उकाड्यात.

विमलमावशी, सातारा (रात्री ११.०५)

मे महिना आहे म्हणून फसू नकोस. सशाचे कान गार पडले म्हणजे अंगातली ऊब जातेय. कान तापलेले असते, तोंड उघडून धापा टाकत असता, तर ऊन लागलं म्हणून मी कानांना साधं पाणी लावायला सांगितलं असतं. तुझं उलट आहे. बाटलीत कोमट पाणी भर, टॉवेलात गुंडाळ आणि त्याच्या कुशीला ठेव. त्याला नको झालं तर दूर सरकता येईल इतकी जागा सोड.

हे पोट थांबणं आहे. सशाला उलटी करताच येत नाही, खाल्लेलं पुढेच जायला हवं, आणि पुढे सरकवतो तो चाऱ्यातला धागा. धागा कमी पडला, पाणी कमी प्यायला, किंवा कुठे दुखायला लागलं की आतडं मंदावतं. मग गॅस धरतो, त्याने आणखी दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही. दात खाणं हे दुखण्याचं आहे. बारा तास उपाशी राहिलेला ससा म्हणजे तातडीचं काम, आणि तुझा तर चोवीस तासांच्या पुढे गेलाय.

पोट ताणलेलं असतं तर तोंडाने काही भरवू नको, आत्ताच गाडी काढ म्हटलं असतं, कारण आतडं तुंबलेलं असू शकतं. मऊ आहे म्हणून आजची रात्र असं कर. त्याचीच पेलेट मूठभर गरम पाण्यात भिजव, मिक्सरला लाव, चहाच्या गाळणीतून काढ. पातळ खिरीसारखं झालं पाहिजे. पाच मिलीची सिरिंज, सुई काढून. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसव, पाठीवर मुळीच झोपवू नकोस, घास श्वासात जातो. पुढच्या दातांच्या मागे गालाकडे मोकळी फट असते, तिथून सिरिंज आडवी सरकव. एकदा अर्धा मिली, मग थांब. तो चावतो का बघ. चावला, गिळलं, की पुढचं. एका वेळी दहा मिली पुरे, तीन तासांनी पुन्हा. मधे साधं पाणी.

सकाळ झाली की डॉक्टर. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुझ्याकडून हायवेने दोन तासांच्या आत. निघण्याआधी फोन करून ससा बघायला कोण आहे ते विचार.

मी जागीच आहे.

प्रथमेश, शिरवळ (रात्री ११.४०)

ताई, मी पशुवैद्यकीय शेवटच्या वर्षाला आहे. मावशींनी बरोबर सांगितलंय. दोनच गोष्टी. उद्या डॉक्टरांना आधी वेदना कमी करण्याबद्दल आणि सलाईनबद्दल विचारा, बहुतेक वेळा दुखणं थांबल्यावरच आतडं चालू होतं. आणि भूल द्यायची वेळ आली तर आदल्या रात्री उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तरी ठेवू नका. ते कुत्र्या-मांजरांसाठी, उलटी होऊ नये म्हणून असतं.

मागच्या दाढा बघायला नक्की सांगा. सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात. पोळी-बिस्किटाने ते झिजत नाहीत, कडेला काटे येतात आणि जिभेत-गालात घुसतात. वरून काही दिसत नाही.

मृदुला, कराड (१५ मे, पहाटे ४.१०)

मावशी, एक लेंडी आली! मेथीदाण्याएवढी आहे, पण आली. मी टॉर्च लावून दोनदा बघितली.

विमलमावशी, सातारा (पहाटे ४.१४)

देव पावला. आता तीन तासांची वेळ चुकवू नकोस आणि तरीही सकाळी निघ.

मृदुला, कराड (१६ मे, दुपारी ३.३०)

काल जाऊन आलो. वाट बघून उशीर झाला, पण तिथल्या मॅडमनी नीट बघितलं. डाव्या खालच्या दाढेला काटा होता, जिभेच्या कडेला जखम. हलकी भूल देऊन घासून काढला. दुखण्याचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन. घरी आल्यावर रात्री नऊला त्याने कोथिंबिरीची एक काडी स्वतःहून ओढली. अख्खी काडी आत जाईपर्यंत आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो.

शेंगालाही नेलं होतं. तिचे गुडघे सुजलेत. पडलेली नाही, क जीवनसत्त्व कमी पडलंय म्हणाल्या. मला फार अपराधी वाटतंय, आठवडाभर ती ओरडत होती.

विमलमावशी, सातारा (सायंकाळी ६.००)

मृदुला, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानदार दोन्ही एकाच पिंजऱ्यात विकतात आणि एकच पुडी हातात देतात. ससा स्वतःच्या अंगात क जीवनसत्त्व तयार करतो, म्हणून त्याच्या पेलेटमध्ये ते घालत नाहीत. गिनीपिगला तुझ्या-माझ्यासारखं ते बाहेरून लागतं. नाही मिळालं की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात, उचललं की जीव जातो. रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबीर, पेरूचा किंवा आवळ्याचा छोटा तुकडा. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर थेट तोंडात घाल, पाण्याच्या बाटलीत नको. तिथे ते दिवसभरात वाया जातं. गोटी धडधाकट दिसत असली तरी तिलाही.

आणि आज संध्याकाळीच पिंजरे वेगळे कर. सशाच्या नाकात बॉर्डेटेला नावाचा जंतू राहतो, त्याला काही होत नाही, पण गिनीपिगला त्याने न्यूमोनिया होतो. शिवाय ससा लाथ मारतो.

मला तुला एक सवय लावायची आहे. ससा दुखणं लपवतो. रानात जो लंगडला तो कोल्ह्याच्या तोंडी गेला, ते त्याच्या रक्तात आहे. म्हणून तोंडाकडे बघून काही कळत नाही, ट्रेकडे बघ. मी चौदा वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी ट्रे काढते. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, सुकी, बोटांनी चुरगळली तर आत गवताचा भुसा. बारीक आणि काळी झाली तर धागा किंवा पाणी कमी पडतंय. केसांत ओवल्यासारखी माळ आली तर केस पोटात जातायत, रोज विंचर. एखादा मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखा पुंजका दिसला तर घाबरू नकोस, तो रात्रीचा, तो ससा परत खातो आणि त्याला तो लागतो. पण तसे पुंजके रोज पडून राहिले तर पेलेट आणि गोड कमी कर.

पावसाळ्यात आणखी एक बघायचं, शेपटीखाली. तिथे ओलं, घाण राहिलं की माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. जूनपासून मी रोज संध्याकाळी उलटा हात फिरवून बघते.

मृदुला, कराड (२२ मे, सकाळी ९.१५)

कापूस खातोय. पोळी, बिस्कीट बंद. मुलगी कॅलेंडरवर रोज लेंड्यांचा आकार काढून ठेवते, कालचा तिने शेंगदाण्याएवढा काढलाय. शेंगा उचलल्यावर आता ओरडत नाही. एकच प्रश्न आहे, गवत कुठून आणू? दीर लसूणघास रोज द्यायला तयार आहेत, त्यांच्या गोठ्याला लागतोच.

विमलमावशी, सातारा (सकाळी ९.५०)

लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. तीन वर्षांच्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, मूत्राशयात चिखलासारखा गाळ बसतो आणि लघवी खडूच्या पाण्यासारखी होते. आठवड्यातून एकदा चिमूटभर, बस. कोवळ्या ज्वारीची पानंही नकोत, त्यात विष असतं, गाईलासुद्धा लागतं. दिरांना बांधावरची हरळी मागून घे, फवारणी न झालेल्या बाजूची. आणि डोंगराचं वाळलेलं गवत दोन पेंढ्या. पेंढी सोडून सावलीत पसर, हात घालून बघ, कुबट वास आला तर ती गोठ्यालाही देऊ नकोस. गवत त्याच्या अंगाएवढा ढीग होईल इतकं रोज.

शेंगाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून सोमवारी कळव.