गाणं ऐकायला गेलो तर ३ वर्षं कैदेची धमकी, हे खरंय का?

खमाज_थाट
काल आजोबांच्या वहीतलं एक नाट्यपद शोधत होतो, १९३० च्या आसपासची ७८ आरपीएमची तबकडी. एका साइटवर दिसलं, क्लिक केलं तर गाणं राहिलं बाजूला, पांढऱ्या पानावर सरकारी आदेशाने ब्लॉक, आणि खाली काय तर बघणं डाउनलोड करणं सगळंच गुन्हा, ३ वर्षं कैद. आईने मागून वाचलं, म्हणाली आधी बंद कर ते. नुसतं ऐकल्यावर खरंच आत टाकतात? आणि एवढ्या जुन्या तबकडीवर हक्क तरी कोणाचा उरलाय?

कोर्टाची_पायरी
आईंना सांग घाबरू नका. हा मेसेज जुना आहे, २०१६ ला मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेलांनी यावरूनच कान उपटले होते. नुसतं बघणं गुन्हा नाही, कॉपी विकणं, भाड्याने देणं, वाटणं, लोकांना दाखवणं हा गुन्हा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ची ६ महिने ते ३ वर्षं आहेत ती त्याला. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे तुझ्या तबकडीचा कधीच संपला. पदाच्या शब्दांचा आणि चालीचा मात्र वेगळा, कवी-संगीतकार गेल्यापासून ६० वर्षं, ते बघ.

साइड_बी
माझं कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे मला पायरसीचा पुळका नाही. स्टेशनबाहेर पथारीवर एका सीडीत दीडशे गाणी मिळायला लागली आणि माझ्याकडची गिऱ्हाइकं नुसती कव्हर बघून जायची. कारवाई हवीच होती, पण झाली तेव्हा दुकान बंद होऊन वर्षं झालेली.

पायमोज्यातला_उंदीर
कारवाईला कोण नाही म्हणतंय काका, पण चोर एका खोलीत आणि कुलूप अख्ख्या चाळीला. २०१२ च्या मार्चमध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या आदेशाने गाण्यांच्या १०४ साइट बंद झाल्या, ते एक ठीक धरू. पण त्याच वर्षी मे महिन्यात मद्रास हायकोर्टाच्या आदेशावरून दोन सिनेमांसाठी इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ ही अख्खी व्हिडिओ साइटच बंद केली, जिथे पोरं स्वतःचंच काम टाकतात!! जूनमध्ये कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो फक्त ती ती लिंक बंद करा. शिकलो का? २०१७ ला परत तेच, दोन सिनेमा कंपन्यांच्या अर्जावर जुनी पुस्तकं, गाणी, वेबपानं जपणारं इंटरनेट अर्काइव्ह सगळंच गायब, आणि त्यांना आधी कोणी विचारलंसुद्धा नाही.

कोर्टाची_पायरी
बरोबर. म्हणून तर पटेलांनी आधी सरसकट ब्लॉक करायला नकार दिला, एकेक लिंक तपासून आणा म्हणाले.

हातभट्टी_नको
आपल्या महाराष्ट्रात तर अजून मज्जा, १९८१ चा झोपडपट्टीदादा-हातभट्टीवाल्यांचा कायदा (एमपीडीए) आहे ना, त्यात २००९ ला व्हिडीओ पायरेट्सपण घातलेत. खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध! सीडीवाला पोरगा हातभट्टीवाल्याच्या पंगतीत. टोळी चालवणारे असतील त्यांचं ठीक, पण अशा कायद्याने कोणाला उचलायचं हे पोलीस आयुक्त किंवा कलेक्टर ठरवणार, कोर्टाआधीच, ते मला पटत नाही.

खमाज_थाट
धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं, तिला आठवलं की मावशीकडे तीच तबकडी आहे, ग्रामोफोनपण आहे, फक्त पिन नाही. पुण्यात कुठे मिळेल का?