मदत हवी आहे: १९६३ चं पॅरिस, रात्री हॉटेलच्या खोलीची झडती

दोन अंकी नाटक लिहितोय. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी घेतलेला परदेशी मारेकरी आणि त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी. दोघंही काल्पनिक. पार्श्वभूमी पक्की आहे: अल्जीरियावरून पेटलेली ओएएस (अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला विरोध करणारी सशस्त्र गुप्त संघटना), २२ ऑगस्ट १९६२ चा द गॉल यांच्यावरचा पेती-क्लामारचा हल्ला (टायर फुटलेली सित्रोएन गाडी चालकाने तशीच दामटली, म्हणून ते वाचले), मार्च १९६३ मध्ये त्या हल्ल्याचा सूत्रधार बास्तियँ-तिरीला मृत्युदंड.

घोडं अडलंय एका प्रवेशावर. रात्री अकराला अधिकारी खोलीच्या दाराशी पोचतो, पण फ्रेंच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५९ रात्री नऊ ते सकाळी सहा घरझडती सुरू करू देत नाही. तो बाहेर घड्याळ बघत बसतो. पळवाट निघाली तर सगळा ताणच गेला, त्यामुळे वेळ बदलायचा सल्ला नको. इंग्रजीत मिळालं ते सगळं आजच्या दुरुस्त्यांसह आहे, आणि मला फ्रेंच येत नाही.

फ्रेंच कायदा वाचलेलं कुणी आहे का? जानेवारी १९६३ मध्ये राज्यसुरक्षेसाठी खास न्यायालय आलं, तेव्हा अशा गुन्ह्यांत रात्रीच्या झडतीला सूट मिळाली होती का? आणि हॉटेलची खोली ‘घर’ धरली जायची का?