गाडीचे ब्रेक पॅड बदलताना ब्रेक डिस्क सरसकट बदलायची का?

मुलुंडकर (धागाकर्ता): "पॅड संपलेत ना, मग पुढच्या दोन्ही डिस्कही टाका" हे मुंबईतल्या बऱ्याच गॅरेजांत ठरलेलं वाक्य झालंय. माझा याला ठाम विरोध आहे. डिस्कची, म्हणजे पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबतात त्या फिरत्या चकतीची, किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. नवी २० मिमीची असेल तर साधारण १८. मोजा आणि ठरवा. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस थर पहिल्या चार-पाच ब्रेकांत निघून जातो. तो दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवणं चूक आहे. पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं की पॅड मात्र लगेच बदला.

चेंबूरवाला: मोजणार कशाने? व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठावर न झिजता उरलेल्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्कही जाड दाखवतात. मायक्रोमीटर हवा, काठापासून १० मिमी आत, गोल फिरत आठ ठिकाणी. किती गॅरेजांत असतो तो? शिवाय डिस्क आज पास होऊन भागत नाही, पॅडचा पुढचा सेट संपेपर्यंत टिकायला हवी. १८.६ भरली तर मधेच १८ च्या खाली जाणार आणि मजुरी दुसऱ्यांदा. पातळ डिस्क लवकर तापते, खंडाळ्याचा घाट उतरताना तेच नडतं. म्हणून पॅड आणि डिस्क एकदमच बदला.

मुलुंडकर: १८.६ ला बदला, वादच नाही. १९.४ ला कशासाठी?

दहिसर_नाका: ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर लेथवर घासून घ्यावी, स्वस्तात काम होतं.

चेंबूरवाला: दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी काढलं की अर्धा मिमी गेला. राहिलं काय?

गिरगाव_४: थरथरीचं खापर डिस्कवर फोडण्याआधी हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बघा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. त्यावर बसवलेली डिस्क, नवी असली तरी, किंचित तिरकी फिरते. डायल गेजवर (डिस्क किती डगमगते ते दाखवणारं काट्याचं माप) ०.०५ मिमीपेक्षा जास्त आउट असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण दर फेऱ्याला पॅड त्याच जागी घासतो, डिस्क कुठे जाड कुठे पातळ होते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू. मग म्हणायचं, डिस्क डुप्लिकेट निघाली! वायर ब्रशने हब धातू दिसेपर्यंत साफ करा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एकच पॅड झपाट्याने संपतो.

चेंबूरवाला: हबचं शंभर टक्के मान्य. तरीही खाचा पडलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवू नका, ते खाचांत जिरेपर्यंत पुरती पकड मिळत नाही.

मुलुंडकर: खोल खाचा असतील तर बदला, नख जेमतेम अडकतं तेवढ्यासाठी नाही. नवी डिस्क घेतलीच तर तिच्यावरचं तेल ब्रेक क्लीनरने धुवा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही बघून, ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा मारा, मधे डिस्क गार होऊ द्या. आणि जॅक काढल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधले, पॅड दाबणारे पिस्टन आत ढकललेले असतात, पहिला ब्रेक लागतच नाही.