ताप नाही, अंथरूण धरलं नाही, तरी खोकला जात नाही आणि दम लागतो. छातीत काही असेल का?

डबलबेल:

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर, वय ५१, मालवण तालुक्यात कट्ट्याजवळच्या वाडीत घर. प्रश्न खोकल्याचा आहे, पण नुसत्या खोकल्याचा असता तर इथे लिहीत बसलो नसतो.

नारळी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस घसा धरला. आज अठरावा दिवस. पहिले चार-पाच दिवस डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं आणि संध्याकाळची कणकण. थर्मामीटर लावला की ९९, एकदाच १००.२. सकाळी सगळं साफ. नाक वाहिलं असतं तर सर्दी म्हणून सोडून दिलं असतं, पण नाक पहिल्यापासून कोरडं. खोकलाही कोरडाच. रात्री आडवा झालो की ठसक्यावर ठसका, बेडका क्वचित आणि पांढरा. जेवणाला चव नाही. श्रावणात ताटात मासा नाही म्हणून जीभ रुसली असेल असं आधी वाटलं, पण आता तेही कारण पटत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. कणकवलीहून गाडी सुटताना मी ओरडतो, "ओसरगाव, कसाल, सुकळवाड, कट्टा, चौके, कुंभारमाठ, मालवण!" बावीस वर्षं एका दमात. गेल्या आठवड्यात कट्ट्यापर्यंत आलो आणि श्वास संपला. पुढची तीन गावं मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरांनी ओरडली. गाडीत हशा. मीही हसलो आणि हसता हसता जो खोकलो तो पार सुकळवाड येईपर्यंत. शिवाय घंटीची दोरी ओढायला हात वर केला की उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या अंगाला, चमक येते.

आतापर्यंतचे उपाय: अडुळशाचा काढा, आलं-गूळ, नाक्यावरच्या दवाखान्यातलं खोकल्याचं औषध. आणि एक आगाऊपणा. बायकोच्या दाढेसाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सुल उरल्या होत्या, त्या तीन दिवस घेतल्या. शून्य फरक. आई म्हणते, "पावसात भिजलंस म्हणान खोकलो इलो, जातलो तो."

ड्युटी चालू आहे. चतुर्थी चार दिवसांवर, मुंबईच्या जादा गाड्या, आत्ता रजा मागितली तर साहेब काय म्हणतील ते लिहीत नाही. मला एवढंच सांगा, चालत्या-फिरत्या, ताप नसलेल्या माणसाच्या छातीत इन्फेक्शन असू शकतं का? ओळखायचं कसं?

काजूची_बी:

मास्तर, एवढं मनावर घेऊ नका. मला गेल्या पावसाळ्यात असाच महिनाभर खोकला होता. घरात बुरशी, ओली लाकडं, चुलीचा धूर, सगळी हवाच कोंदट. आपोआप गेला. डॉक्टरकडे गेलं की फोटो, रक्त, लघवी, सगळं काढायला लावतात.

पडवीतली_सिस्टर:

मी आरोग्यसेविका होते, दापोलीकडच्या उपकेंद्रांत ३३ वर्षं काढली, आता निवृत्त. काजूभाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. साध्या व्हायरल सर्दीनंतरही खोकला तीन आठवडे रेंगाळतो. पण तो उतरणीला लागलेला असतो. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात कमी, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात कमी. मास्तर, तुमचा चढणीला आहे. दुसऱ्या आठवड्यात दम नव्हता, तिसऱ्यात आला. मला खोकल्यापेक्षा याचीच काळजी वाटते.

आणि हो, ताप नसला तरी छातीत इन्फेक्शन असू शकतं. इंग्रजीत याला वॉकिंग न्यूमोनिया म्हणतात. माणूस भात लावतो, बाजार करतो, तिकिटं फाडतो, आणि फुप्फुसाचा एक कोपरा सुजलेला असतो. न्यूमोनिया म्हटलं की लोकांना थंडी वाजून आलेला १०३ ताप, गंजल्या रंगाचा बेडका आणि खाटेला खिळलेला माणूस दिसतो. तो वेगळा. हा हळू चढतो. डोकेदुखी, घसा, कणकण, कोरडा खोकला, लवकर थकणं. खोल श्वास घेताना किंवा खोकताना एकाच जागी चमक येत असेल तर फुप्फुसावरच्या आवरणापर्यंत सूज गेली असण्याची शक्यता असते. अर्थात खोकून खोकून बरगडीचे स्नायूही दुखतात, म्हणून घरी बसून निकाल लावता येत नाही.

आता एक करा. रात्री टीव्ही बघत शांत बसला असाल तेव्हा वहिनींना तुमचे श्वास मोजायला सांगा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आणि तुम्हाला कळता कामा नये. मोजतायत हे कळलं की माणूस श्वास सुधारून घेतो, मी हजारदा बघितलंय. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० चालतात. २४-२५ च्या वर गेले तर दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. ३० झाले तर गाडी करून थेट हॉस्पिटल.

वाडीत लहान मुलं असतील तर त्यांचा हिशोब वेगळा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४०, एवढे किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. त्यात बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, तर आकडा मोजत बसूच नका.

दोन प्रश्न. तुमच्या आधी घरात कोण खोकत होतं, आणि किती दिवस आधी? यंदा लावणीला शेतात उतरला होतात का?

डबलबेल:

सिस्टर, लेक खोकत होती. नववीत आहे. जुलै संपता संपता तिला सुरू झालं, माझ्या आधी अठरा-वीस दिवस. तिची शाळा एक दिवस बुडली नाही, आता ती ठणठणीत आहे. मध्ये एवढे दिवस गेले म्हणून मी तिचा आणि माझा संबंधच लावला नव्हता. लावणीला उतरलो होतो, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

एक्सरे_खोली:

रत्नागिरीत एक्स-रे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. मध्ये अठरा-वीस दिवस गेले हीच तर खूण आहे. फ्लू घरात एकाला झाला की दोन-तीन दिवसांत सगळे पडतात. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू मात्र आत शिरल्यावर साधारण दोन-तीन आठवडे गप्प असतो. शाळेतून पोरांबरोबर घरी येतो आणि एकेकाला सावकाश पकडतो. चालत्या-फिरत्या न्यूमोनियाचं हे नेहमीचं कारण. एकमेव नव्हे.

तुमच्या कॅप्सुल का चालल्या नसतील त्याचंही उत्तर यात असू शकतं. अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनची सगळी भावंडं, जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. जिथे भिंत नाही तिथे गवंड्याचा संप करून उपयोग काय? म्हणून त्याला दुसऱ्या जातीची औषधं लागतात. (हा जंतू बरीच वर्षं लोकांना चकवत होता. १९४४ साली ईटन यांनी तो शोधला, पण पुढची अनेक वर्षं त्याला व्हायरसच समजत होते. तो जिवाणू असल्याचं १९६२ मध्ये पक्कं झालं.) आता कोणती गोळी ते इथे विचारू नका आणि मेडिकलवाल्यालाही विचारू नका.

माझ्या खोलीतला अनुभव सांगतो. टेबलावर चढताना विनोद करणारा माणूस, डॉक्टरांनी नळी लावलेली, चिठ्ठीवर "छाती साफ". आणि फोटो निघाला की खालच्या भागात ढगासारखा पांढुरका पट्टा. माणसापेक्षा फोटो जास्त आजारी, असं आम्ही आपसांत म्हणतो. नळीत ऐकू आलं नाही म्हणजे नाही, असं धरून चालू नका.

पडवीतली_सिस्टर:

लावणीचं अशासाठी विचारलं की आपल्याकडे पावसाळ्यात चिखलातून आलेला ताप म्हटलं की लेप्टो डोक्यात ठेवावाच लागतो. तो सहसा जोरात येतो. मोठा ताप, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लाल, कधी लघवी कमी किंवा कावीळ. तोही छातीत उतरू शकतो, खोकल्यातून रक्त येऊ शकतं. तुमचं चित्र तसं दिसत नाही आणि दिवसही बरेच झाले, तरी डॉक्टरांना शेतात उतरल्याचं सांगाच. ते विचारतीलच असं नाही.

दुसरं, खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडक्याची टीबीसाठी तपासणी. सरकारी दवाखान्यात फुकट होते. नाव काढलं की लोक तोंड फिरवतात. तुम्ही दिवसभर भरल्या गाडीत असता, म्हणून तुम्ही तर करायलाच हवी. बिडी ओढता का ते लिहिलं नाहीत.

आणि घरात आई आहेत. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप, खोकला दोन्ही नसू शकतं. पेज नको म्हणतात, दिवसभर झोपून राहतात, काहीतरी बरळतात, एवढंच दिसतं. त्या मागच्या खोलीत झोपत असतील तर सध्या तुम्ही पडवीत झोपा आणि मास्क लावा.

डबलबेल:

बिडी होती. दिवसाला सहा-सात. खोकला लागल्यापासून ओढवत नाही.

काल रात्री हिने मोजले. मी बातम्या बघत होतो, मला पत्ता नव्हता. २३. मग शेजारच्या काकांकडून कोरोनातलं, ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचं यंत्र आणलं. बसून ९५. सिस्टरांना फोटो पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं की थोडं चालून परत लावा. आमच्या घरापासून रस्त्याला वर यायला जांभ्याची पाखाडी आहे, बावन्न पायऱ्या. चढून वर गेलो, लावलं. ९१. वरच्या गडग्यावर टेकलो आणि पाच मिनिटं बोललो नाही.

हिने विचारलंसुद्धा नाही. डेपोत स्वतः फोन केला.

पडवीतली_सिस्टर:

आजच जा. चतुर्थी बघू नका. बसल्या जागी ९४ च्या खाली आला, ओठ निळसर दिसले किंवा वाक्य पूर्ण करता येईना, तर ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, सरळ इमर्जन्सीत जा. जाताना लेकीच्या आजाराची तारीख, तुमच्या तापाचे आकडे आणि त्या उरलेल्या कॅप्सुलचं रिकामं पाकीट बरोबर घ्या. लपवू नका.

काजूची_बी:

मास्तर, माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. काय झालं ते कळवा.

डबलबेल:

कळवायला उशीर झाला, माफ करा. घरी गणपती होता, मग झोप होती.

त्याच दिवशी फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग. नळी लावून डॉक्टरीणबाईंनाही फारसं काही ऐकू आलं नव्हतं, शेवटी पाठीवर खाली, खोल श्वास घ्यायला लावून, बारीक चरचर ऐकू आली म्हणाल्या. रक्त तपासलं, बेडका टीबीसाठी पाठवला, तो निगेटिव्ह आला. जंतूचं नाव खात्रीने सांगायचं तर वेगळी तपासणी लागेल, पण लेकीचे दिवस आणि एकूण चाल बघून मायकोप्लाझ्मा धरून औषध देते, असं म्हणाल्या. अॅझिथ्रोमायसिन, त्यांनी लिहिल्याप्रमाणे. अॅडमिट केलं नाही, पण दोन दिवसांनी परत बोलावलं आणि आकडा खाली गेला तर रात्रीही या असं बजावलं. कॅप्सुलबद्दल जे बोलल्या ते मी निमूट ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची कणकण गेली. खोकला मात्र गोळ्या संपल्यावरही तीन आठवडे होता, कमी कमी होत. तो तसाच जातो हे त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. आरतीला मी फक्त टाळ वाजवले. "घालीन लोटांगण"ला सगळे फिरले, मी खांबाला धरून उभा. मुंबईहून आलेला भाऊ म्हणाला, आजारी वाटत नाहीस. तोच तर घोळ होता.

सहा आठवड्यांनी परत फोटो काढायला लावला. वय पन्नाशीच्या पुढे आणि बिडी, त्यामुळे डाग पूर्ण गेला की मागे आणखी काही लपलंय ते बघायचं होतं. गेलाय. आईला काही झालं नाही. मी महिनाभर पडवीत झोपलो, डासांनी फोडून काढलं.

सोलकढी_००७:

जुना धागा वर काढतोय. माझ्या बायकोला बारा दिवस असाच कोरडा खोकला आहे, ताप नाही, वेंगुर्ल्यात शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता बोलताना धाप लागते म्हणते. मास्तर, तुमच्या गोळीची स्ट्रेंथ किती होती?

डबलबेल:

गोळी सांगणार नाही. आज रात्री ती टीव्हीसमोर बसली की श्वास मोजा, पूर्ण मिनिट, तिला न सांगता. आकडा कितीही येवो, उद्या सकाळी तिला घेऊन जा आणि छातीचा फोटो काढायचा का ते विचारा.