वॉलपेपर खालून सुटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमधे राहते, बेडरूमची एकच भिंत, 10 फूट बाय 9 फूट, तिला वॉलपेपर लावायचा घाट घातला. दुकानदार म्हणाला एक रोल 57 स्क्वेअर फुटाचा येतो पण डिझाईन जुळवताना वाया जातो म्हणून 3 घ्या, मी म्हटलं 90 च तर फूट आहे, शहाणपणा करून 2 च आणले (ते पुरले हां, 21 इंची सहा पट्ट्या बरोब्बर बसल्या!).

तर रविवारी मी आणि नवऱ्याने मिळून खळ लावून चिकटवला, संध्याकाळपर्यंत एकदम झकास, आणि मंगळवारी सकाळी बघते तर दोन पट्ट्यांचे जॉइंट उघडलेले आणि खालचा कोपरा वळून वर आलाय. सोलून बघितलं तर कागदाच्या मागे पांढरी पावडरच पावडर, खळ कागदालाच चिकटलीये, भिंतीला नाहीच. आधीचा रंग साधा डिस्टेंपर आहे, आम्ही नुसतं फडक्याने पुसून घेतलं होतं, प्रायमर वगैरे काही नाही. सासूबाई म्हणाल्याच होत्या आधी भिंत घासा म्हणून, पण ते असो.

आता सगळं काढून घासून प्रायमर मारावा का फक्त सुटलेल्या जागी फेव्हिकॉल लावून चालेल? आणि भिंतीपलीकडे बाथरूम आहे, पावसाळ्यात खाली वीतभर ओल येते, तिथे वॉलपेपर टिकतो का कोणाकडे? काढलेला कागद परत वापरता येतो का तेही सांगा, उरलेला तुकडा फक्त हातभर आहे.