मायक्रो फ्रंटएंडमध्ये लाइव्ह डेटा: सॉकेट शेलने उघडावा की प्रत्येक टीमने आपापला?

सह्यकडा (धागाकर्ता)
शेअर बाजाराचा डॅशबोर्ड घ्या. एकाच पानावर वॉचलिस्ट, चार्ट, ऑर्डर बुक (कोणत्या भावाला किती खरेदी-विक्रीच्या ऑर्डर आहेत त्याची यादी) आणि पोझिशन्स (ग्राहकाचे चालू सौदे). चार भाग, चार टीम, प्रत्येकीचं डिप्लॉयमेंट वेगळं, म्हणजेच मायक्रो फ्रंटएंड. सकाळी ९:१५ ला बाजार उघडला की चौघांनाही त्याच शेअरचा भाव हवा असतो. माझं ठाम मत आहे की वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) एकच असावा, तो शेलने, म्हणजे चारही भाग ज्यात बसतात त्या बाहेरच्या अ‍ॅपने, उघडावा आणि भागांनी त्याच्याकडे फक्त आपल्याला काय हवं ते नोंदवावं. प्रत्येकाने आपापला उघडला तर तोच टिक (भावातला एक बदल) चार वेळा येतो, लॉगिनचं टोकन चार ठिकाणी रिन्यू करावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे वॉचलिस्टमध्ये एक भाव आणि पोझिशन्समध्ये दुसरा दिसतो. ज्याचे पैसे लागलेत त्याने कोणता आकडा खरा धरायचा?

रात्रपाळी
साफ असहमत. मायक्रो फ्रंटएंड आपण घेतलं ते टीमना एकमेकींसाठी थांबावं लागू नये म्हणून. आता ऑर्डर बुकला एक नवं फील्ड हवं असेल तर शेल टीमच्या पुढच्या स्प्रिंटची वाट बघायची? हा मागच्या दाराने आलेला मोनोलिथच (सगळं एकत्र बांधलेलं अ‍ॅप) आहे. शिवाय एका वेड्यावाकड्या मेसेजने शेलचा पार्सर (मेसेज उलगडणारा कोड) कोसळला की चारही भाग एकदम थिजणार. चार सॉकेट ब्राउझरला अजिबात जड नाहीत.

सह्यकडा
ब्राउझरला नसतील, सर्व्हरला आहेत. गेटवे (ही कनेक्शन घेणारा सर्व्हर) रीस्टार्ट झाला की प्रत्येक ग्राहकाकडून चार-चार कनेक्शन एकाच वेळी परत येतात. आणि कोणी वेबसॉकेटऐवजी एसएसई (एचटीटीपीवरून सर्व्हरकडून एकतर्फी येणारा प्रवाह) वापरत असेल, तर एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टला ६ च कनेक्शन देतो, तीही सगळ्या टॅबमध्ये मिळून. दोन टॅब उघडले की कोटा संपला. एचटीटीपी २ वर ही अडचण राहत नाही, हे मान्य.
पार्सरचं म्हणाल तर शेलने मेसेज उघडूच नये. टॉपिकचं, म्हणजे मेसेज कशाबद्दल आहे त्याचं, नाव बघावं आणि आतला मजकूर जसाच्या तसा पुढे द्यावा. अर्थ लावणं ज्या त्या टीमचं काम. मग नव्या फील्डसाठी शेलला हात लावायची गरज कुठे उरते?

भावफलक
सॉकेट किती यावर तुम्ही दोघं भांडताय, पण गाडी अडते ती पानावर उशिरा माउंट होणाऱ्या (उघडणाऱ्या) भागापाशी. ग्राहकाने ऑर्डर बुकचा टॅब १०:४० ला उघडला. फीडवर तेव्हा फक्त बदल येत असतात, पूर्ण चित्र नाही. म्हणून आधी बदलांसाठी नोंदणी करून ते बाजूला साठवायचे, मग स्नॅपशॉट (त्या क्षणाचं पूर्ण चित्र) मागवायचा, त्याच्या अनुक्रमांकापर्यंतचे बदल टाकून द्यायचे आणि पुढचे लावायचे. मधला एक क्रमांक जरी हुकला तरी साठवलेलं ऑर्डर बुक फेकून नवा स्नॅपशॉट. हे प्रत्येक टीमने वेगळं लिहिलं तर कुठेतरी चुकणारच.
दुसरं असं की सगळ्या टिकना एक नियम चालत नाही. वॉचलिस्टमध्ये शेवटचा भाव तेवढा पुरतो, मधले टिक गाळून स्क्रीनच्या प्रत्येक फ्रेमला एकदा रंगवलं तरी काही बिघडत नाही. ऑर्डर बुकचे बदल मात्र एकही गाळता येत नाही. शेलने सरसकट थ्रॉटल लावला, म्हणजे मधले मेसेज गाळले, तर तिथे ऑर्डरचे चुकीचे आकडे दिसतील.
वेबपॅक ५ चं मॉड्यूल फेडरेशन (वेगवेगळ्या टीमचा कोड पानावर एकत्र लोड करायची सोय) वापरत असाल तर फीडची लायब्ररी सिंगलटन, म्हणजे पानावर एकच प्रत, ठेवा. नाहीतर तिच्या दोन प्रती लोड होतात, गुपचूप दोन सॉकेट उघडतात आणि वरचा सगळा वाद निरर्थक ठरतो.

टॅबवाला
टॅबच्या प्रश्नावर शेअर्ड वर्कर (एकाच साइटच्या सगळ्या टॅबना मिळून पार्श्वभूमीत चालणारी एकच स्क्रिप्ट) बघा. सफारीत तो २०२२ मध्ये, आवृत्ती १६ पासून परत आला. मोबाइल ब्राउझरमध्ये मात्र आधार तपासून पर्यायी वाट ठेवा.

रात्रपाळी
भावफलक, तुमचा अनुक्रमांकाचा मुद्दा पूर्ण पटला. ती लायब्ररी सामाईक असावी. पण सामाईक कोड म्हणजे सामाईक कनेक्शन नव्हे. एका सॉकेटच्या खाली एकच टीसीपी प्रवाह असतो. चार्टने वर्षभराचा इतिहास त्याच वाटेने मागवला, तर तो भला मोठा मेसेज उतरेपर्यंत ऑर्डर बुकचे बदल मागे अडकून पडतात.

सह्यकडा
इतिहास सॉकेटवरून आणूच नका, साध्या एचटीटीपी विनंतीने आणा. सॉकेटवर फक्त चालू भाव.

रात्रपाळी
हा नियम मोडणाऱ्या टीमला अडवणार कोण? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी ऑर्डर बुकला वेगळाच सॉकेट देईन. बाकी तिघांनी एक वापरावा, त्याला माझी हरकत नाही.